मंजूर झालेले क्रेडिट आणि लागू पडलेले क्रेडिट

वाचकाचं पत्र :

«ताई, मी मूळची कराडची, सध्या पुण्यात मेकॅनिकलच्या सेकंड इयरला आहे. सीजीपीए ८.६. फर्स्ट इयरला ग्राफिक्सची केटी लागली होती, ती सुटली. मेकॅनिकल मी निवडलं नाही, प्रवेशाच्या कॅप राउंडने निवडलं. शाळेत असताना आम्हाला कराडजवळच्या बोअरहोल प्रयोगशाळेत नेलं होतं. तिथे कोयनेच्या जमिनीखालून काढलेले खडकाचे लांबच लांब दंडगोल पाहिले, तेव्हापासून भूकंपाचा अभ्यास करायचं डोक्यात आहे. अमेरिकेत म्हणे मध्येच विषय बदलून ट्रान्स्फर घेता येते. इथले एक कन्सल्टंट म्हणतात, ‘सगळे क्रेडिट्स ट्रान्स्फर होतील, थेट थर्ड इयर, दोन वर्षांत डिग्री.’ दुसरे म्हणतात, ‘ही दोन वर्षं दाखवूच नका, बारावीवर फ्रेशर म्हणून अर्ज करा, स्कॉलरशिप जास्त मिळते.’ आत्या न्यू जर्सीत एडिसनला असते, ती म्हणते राहायला माझ्याकडे ये. बाबा मलकापूरचा प्लॉट विकायला तयार आहेत. आई काहीच बोलत नाही. मी काय करू?
– एक कंपित, पुणे»

प्रिय कंपित,

आधी दुसऱ्या कन्सल्टंटचं बघू, कारण ते प्रकरण लवकर मिटणारं आहे. त्यांच्याकडे परत जाऊ नकोस. अमेरिकन विद्यापीठाच्या अर्जात ‘बारावीनंतर कुठे कुठे शिकलात’ हा प्रश्न असतोच आणि उत्तराखाली तुझी सही असते. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तोच प्रश्न पुन्हा येतो. विद्यापीठाला नंतर कळलं तर प्रवेश जातो, कधी डिग्री हातात पडल्यावरही जाते. व्हिसा अधिकाऱ्याला कळलं तर अमेरिकेत जायची वाट कायमची बंद होऊ शकते. आणि कळायला काय लागतं? जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. तुझ्या कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो इन्स्टाग्रामवर असतीलच.

नव्याने येणाऱ्यांना स्कॉलरशिप जास्त मिळतात, एवढं मात्र त्यांचं खरं आहे. पण फ्रेशर कोण हे ठरवायचे प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतात. बारावीनंतर कॉलेजात फार थोडं शिकलेल्यांना काही ठिकाणी फ्रेशर म्हणून अर्ज करू देतात. तू ती रेषा केव्हाच ओलांडलीस.

आता पहिले. ‘सगळे क्रेडिट्स ट्रान्स्फर, दोन वर्षांत डिग्री’ म्हणणारे. हे गृहस्थ खोटं बोलत नाहीत, आणि म्हणूनच ते दुसऱ्यांपेक्षा महाग पडतील.

माझीच गोष्ट सांगते. मीही पुण्यातून इंजिनिअरिंग अर्धवट सोडून अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात गेले होते, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. प्रवेशाच्या पत्रासोबत एक कागद आला. त्यावर माझे ६४ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं माप) मंजूर झाल्याचं लिहिलं होतं. डिग्रीला १२० लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त काम झालंच की! घरी पेढे वाटले. तिथे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी विभागाच्या सल्लागार बाईंनी तोच कागद समोर घेतला आणि लाल पेनने एकेका ओळीवर खुणा करायला सुरुवात केली. हा विषय तुझ्या डिग्रीला लागतो, हा लागत नाही, हा ‘मोकळ्या’ रकान्यात जाईल, म्हणजे आवश्यक विषयाऐवजी नाही, नुसता ऐच्छिक म्हणून, हासुद्धा, आणि हासुद्धा. त्यांचं काम संपलं तेव्हा ६४ पैकी डिग्रीला खरोखर उपयोगी पडणारे ३३ उरले. बाकीचे ३१ कागदावर मंजूरच होते, शेवटपर्यंत. त्यांचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. दोन वर्षांत संपायची डिग्री साडेतीन वर्षांनी संपली, आणि त्या जादा तीन सेमिस्टरांसाठी माझ्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. पुढे बरीच वर्षं मी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात काम केलं, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने तोच लाल पेन मी स्वतः चालवला. समोरच्या पोराचा चेहरा पडताना बघणं हा त्या नोकरीतला सगळ्यात वाईट भाग.

तेव्हा कंपित, एवढं एक पक्कं धर : क्रेडिट मंजूर होणं वेगळं आणि क्रेडिट डिग्रीला लागू पडणं वेगळं. कन्सल्टंट पहिल्याबद्दल बोलतात. फी भरावी लागते ती दुसऱ्यामुळे.

हे असं का होतं? आपल्याकडचं इंजिनिअरिंग पहिल्या दिवसापासून तांत्रिक. अमेरिकन पदवीत तसं नसतं. तिथे १२० क्रेडिटपैकी साधारण ३० ते ४० क्रेडिट इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, कला, लेखन अशा सर्वांना सक्तीच्या विषयांचे असतात. त्यातलं तुझ्याकडे जवळजवळ काहीच नाही. आपल्या कम्युनिकेशन स्किल्सच्या पेपरने तिथला पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स सहसा सुटत नाही. उलट तुझ्याकडे जे भरपूर आहे, त्याला तिथे जागा नाही.

तुझे विषय एकेक घेऊन बघू. भूभौतिकीच्या, म्हणजे भूकंपाचा अभ्यास ज्यात येतो त्या पृथ्वीच्या भौतिकशास्त्राच्या, पदवीसाठी एम-वन, एम-टू (गणिताचे पेपर), फिजिक्स, केमिस्ट्री, प्रोग्रामिंग, मेकॅनिक्स हे बहुतेक ठिकाणी नीट लागू पडतील. मात्र प्रॅक्टिकलचे तास आणि अभ्यासक्रम तपशिलात दाखवावे लागतील. सेकंड इयरचं एम-थ्री सोन्यासारखं आहे, कारण डिफरन्शियल इक्वेशन्सशिवाय भूकंपलहरींचा अभ्यास होत नाही. सॉलिड मेकॅनिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स चांगल्या विभागात मान देऊन घेतले जातील, कारण खडकही ताण सोसतो आणि तुटतो, शेवटी भूकंप म्हणजे तेच. थर्मोडायनॅमिक्सचं नक्की सांगता येत नाही. कायनेमॅटिक्स ऑफ मशिनरी, मॅन्युफॅक्चरिंग, मेटलर्जी, वर्कशॉप हे मोकळ्या रकान्यात. आणि ज्या ग्राफिक्सने तुला रडवलं, तेही तिथेच.

यात एक उलटा हिशेब दडलाय, तो लक्षात घे. तुझं पहिलं वर्ष अमेरिकेत सर्वात जास्त चालतं, दुसरं त्याहून कमी, आणि तिसरं जवळजवळ नाहीच. इथे जितकी पुढे जाशील तितकं जास्त वाया जाईल. म्हणजे ‘टीई (तिसरं वर्ष) करून मग बघते’ हा पर्याय नाही. ट्रान्स्फर घ्यायचीच असेल तर पुढच्या फॉलला (साधारण ऑगस्टपासूनच्या सत्राला), नाहीतर पदवी पूर्ण करून.

आता समजा, तुझे ४५ क्रेडिट डिग्रीला लागू पडले. तरी दोन वर्षांत डिग्री होणार नाही. कारण विषयांची साखळी. आधी जिऑलॉजीची ओळख, मग खनिजशास्त्र, मग संरचनात्मक भूशास्त्र, मग उन्हाळ्यातला पाच-सहा आठवड्यांचा फील्ड कॅम्प, ज्याची फी बहुधा वेगळी असते. छोट्या विभागांत यातले कोर्स वर्षातून एकदाच असतात. एक चुकला की वर्ष गेलं. तुझ्यासारख्या शाखा बदलणाऱ्या मुलीने तीन वर्षं धरून चालावं. शिवाय बहुतेक विद्यापीठं शेवटचे ३० तरी, कुठे कुठे ६० क्रेडिट स्वतःकडेच पूर्ण करायला लावतात.

म्हणून कोणालाही एक रुपया द्यायच्या आधी हे कर. तुला आवडणाऱ्या विभागाच्या संकेतस्थळावर पदवीच्या विद्यार्थ्यांचे सल्लागार कोण ते शोध. प्रवेश कार्यालयाला लिहू नकोस, ते ठरावीक उत्तर पाठवतील. विभागाला लिही. पत्र दहा ओळींचं, सोबत विषयांची यादी, क्रेडिट, आठवड्याचे तास, मार्क, आणि तुझ्या पॅटर्नच्या सिलॅबसची पीडीएफ. विचारायचं एवढंच : ‘मला प्रवेश मिळाला असं धरलं, तर यातले कोणते विषय तुमच्या पदवीच्या आवश्यक विषयांऐवजी धरले जातील, आणि अंदाजे किती सेमिस्टर लागतील?’ अधिकृत निकाल ते प्रवेशानंतरच देतात, पण भला सल्लागार अंदाज सांगतो. पाच विभागांना लिहिलंस तर दोन-तीन उत्तरं येतील. ती उत्तरं त्या कन्सल्टंटच्या अख्ख्या फायलीपेक्षा मोलाची.

डब्ल्यूईएससारख्या, परदेशी मार्कशीट अमेरिकन मापात मांडून देणाऱ्या संस्थांकडून मूल्यमापन लगेच करून घेऊ नकोस. काही विद्यापीठं ते मागतात, काही स्वतः करतात, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला अर्जाच्या वेळी ते लागतच नाही. आधी विचार, मग पैसे भर. हो, आणि सरकारच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझे क्रेडिट जमा आहेत म्हणून ते तिकडे आपोआप चालतील असं समजू नकोस. ती बँक इथल्यापुरती.

कुठे लिहायचं? भूकंपशास्त्रासाठी मोठ्या नावांच्या मागे धावायची गरज नाही, आणि ही या विषयाची गंमत आहे. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये पदवीलाच भूभौतिकी आहे, आणि अमेरिकेचं राष्ट्रीय भूकंप माहिती केंद्र त्याच गोल्डन गावात, त्याच आवारात आहे. न्यू मेक्सिको टेक हे सोकोरो नावाच्या लहानशा गावातलं विद्यापीठ. भूकंपमापक यंत्रं जगभर पाठवणारं केंद्र तिथे आहे आणि बाहेरच्यांना तिथली फी इतरांच्या मानाने कमी असते. सेंट लुईस विद्यापीठात भूभौतिकीची परंपरा १९२५ पासूनची. टेक्सास विद्यापीठाचं ऑस्टिनमधलं जॅक्सन स्कूल मोठं आणि श्रीमंत. टेक्सासमध्ये आणखी एक सोय आहे : सरकारी विद्यापीठाने स्पर्धेतून किमान १००० डॉलरची स्कॉलरशिप दिली तर परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांची जादा फी माफ होऊन तिथल्या रहिवाशांची फी लागू शकते. ट्रान्स्फर विद्यार्थ्यांना ती मिळते का, हे त्या त्या विभागाला स्पष्ट विचार.

कॅलिफोर्नियाबद्दल कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. तिथे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून कॅलिफोर्निया विद्यापीठात जायची पायवाट चांगली मळलेली आहे. सांता मोनिका, डी अँझा, फूटहिल ही कॉलेजं त्यासाठीच प्रसिद्ध. त्या विद्यापीठाचे दहातले नऊहून जास्त ट्रान्स्फर विद्यार्थी राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात आणि सहा कॅम्पस तर अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. बारावी झालेल्या मुलाला मी हा रस्ता आनंदाने सुचवला असता. तुला नाही. दोन वर्षं पुण्यात शिकून पुन्हा दोन वर्षं तिथे कॅल्क्युलसपासून सुरुवात, वर त्या भागातलं घरभाडं! आणि पुण्यातून थेट अर्ज केलास तर त्या नऊ जणांच्या मागे रांगेत उभी राहशील.

आता पैसे. आई गप्प का आहेत ते मला वाटतं इथे कळेल.

परराज्याच्या विद्यार्थ्याला अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात फी, राहणं, जेवण आणि विमा धरून वर्षाला ४५ ते ७० हजार डॉलर लागतात. डॉलर ९० रुपये धर. वर्षाला ४० ते ६३ लाख. तीन वर्षांचे एक कोटी वीस लाख ते एक कोटी नव्वद लाख. आत्याचं घर एडिसनला आहे म्हणून न्यू जर्सीतल्या विद्यापीठात तुला स्थानिकांची फी लागणार नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेला फीसाठी बाहेरचाच. आत्याकडे राहून खोलीभाडं वाचेल, पण मग तू न्यू जर्सीतली विद्यापीठं निवडणार, विभाग बघून नव्हे तर गादी बघून. आत्यांचं प्रेम खरं आहे. दिवाळीला जा त्यांच्याकडे.

काम करून भागवेन म्हणशील. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. त्यातून किराणा आणि फोनचं बिल सुटतं, फी नाही. बाहेर कॅश घेऊन काम करणारे भेटतील, आपलेच असतील, पेट्रोल पंपावर, मोटेलवर. त्या वाटेला जाऊ नकोस. पकडलं गेलं तर व्हिसा जातो, आणि मालकाचं सहसा फारसं बिघडत नाही.

गरजेप्रमाणे पूर्ण आर्थिक मदत देणारी काही श्रीमंत खासगी विद्यापीठं आहेत, आणि त्यातली थोडी प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याची ऐपत बघत नाहीत. पण हे उदार धोरण बऱ्याचदा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुरतं असतं. ट्रान्स्फरसाठी नियम वेगळे आणि जागा मूठभर. प्रिन्स्टनने १९९० मध्ये ट्रान्स्फर घेणंच बंद केलं होतं, २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि त्या वर्षी प्रवेश दिला तो फक्त १३ जणांना. एखादा अर्ज तिकडे जरूर टाक. त्याच्या भरवशावर प्लॉटला गिऱ्हाईक बघू नका एवढंच.

प्लॉटचंच बोलू. विकू नका. विद्यापीठ आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) देण्याआधी एका वर्षाच्या खर्चाचा पुरावा मागतं, तीन वर्षांचा नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाची सोय झाली की घरात वाटतं, काम झालं. दुसऱ्या वर्षीचा पैसा कुठून येणार हा प्रश्न तिथल्या थंडीत फेब्रुवारीत उगवतो. माझ्या टेबलासमोर रडलेल्या मुलांपैकी निम्मी दुसऱ्या वर्षाची होती. प्लॉट तारण ठेवून कर्ज मिळतं, जुनी करपद्धत निवडली तर व्याजावर करसवलत आहे, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) लागत नाही. पण कर्ज फेडायचं कशातून, हे कर्ज काढायच्या आधी कागदावर लिहा. भूशास्त्राच्या पदवीवर अमेरिकेत नोकऱ्या आहेत, तेल, खनिजं, भूजल, पर्यावरण या क्षेत्रांत. पण शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे, म्हणजे ओपीटीचे, बारा महिने आणि विज्ञान शाखा म्हणून वाढीव चोवीस, एवढाच काळ तुझ्या हातात. त्यापुढचं सगळं व्हिसाच्या राजकारणावर, आणि ते राजकारण सध्या दर सहा महिन्यांनी बदलतंय.

व्हिसावरून आठवलं, ‘ट्रान्स्फर’ या शब्दाने गोंधळून जाऊ नकोस. अमेरिकेतल्या एका संस्थेतून दुसरीत जाताना तुमची सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची तिथल्या सरकारकडची नोंद) हलवतात, त्यालाही ट्रान्स्फरच म्हणतात. तुझा त्याच्याशी संबंध नाही. तू भारतातून निघतेस, म्हणजे तुझं आय-२० नव्या विद्यार्थ्याचं आणि व्हिसाही पहिला. ‘आधी कुठेही प्रवेश घे, तिथे गेल्यावर बदल’ असा सल्लाही मिळेल. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने पदवीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षात संस्था किंवा विषय बदलू न देण्याचा प्रस्ताव आणला. तेव्हा त्या आधारावर बेत आखू नकोस. मुलाखतीत अधिकारी हमखास विचारेल की इंजिनिअरिंग मध्येच का सोडतेस. तुझं उत्तर मला पत्रात सापडलं, दोन वाक्यांत. मी कोयनेजवळची आहे, तिथे ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला, धरणाच्या पाण्यामुळे जमीन कशी हलते हे मला शिकायचंय. हेच सांग. तिथे सजवलेलं भाषण चालत नाही.

मग मी काय सुचवते? तुला आवडणार नाही कदाचित.

भूकंपशास्त्राचं खरं दार पदवीचं नाही, पीएचडीचं आहे. आणि त्या दारातून मेकॅनिकल इंजिनिअर रोज आत जातात. भूकंपशास्त्राच्या गटांत बघ, भौतिकशास्त्र, गणित, सिव्हिल, मेकॅनिकल अशा सगळ्या शाखांची माणसं दिसतील, कारण त्यांना खडकांची नावं नंतर शिकवता येतात, पण लहरींचं गणित आणि कोडिंग आधीच येत असलेलं हवं असतं. चार वर्षांच्या बीईनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला तर सहसा फी माफ होते आणि वर महिन्याला विद्यावेतन मिळतं, श्रीमंती नाही पण पोट भरतं. पदवीसाठी दीड कोटी देऊन तू ज्या प्रयोगशाळेच्या दारात पोचशील, तिथेच अडीच वर्षांनी ते तुला पैसे देऊन बोलावतील. २०२५ पासून तिथल्या संशोधन निधीला कात्री लागली आहे, बऱ्याच विभागांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या आहेत, त्यामुळे हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण अर्ज फसला तर अर्जाची फी जाते, प्लॉट जात नाही. आणि दार फक्त तिकडेच आहे असंही नाही. हैदराबादची एनजीआरआय, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, कोयनेवर अनेक दशकं काम करते आहे. गेटचा जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर कोणत्याही शाखेच्या इंजिनिअरला देता येतो.

मधल्या अडीच वर्षांत काय करायचं तेही तुझ्या घराजवळच आहे. ती बोअरहोल प्रयोगशाळा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची आहे. कोयना भागात त्यांनी ३ किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खणलं, तू पाहिलेले दंडगोल याच खोदकामाच्या प्रकल्पातले. जगातले शास्त्रज्ञ ज्यासाठी कराडला येतात, तिथे तू सुट्टीत घरी जाताना उतरू शकतेस. उन्हाळी प्रकल्पासाठी त्यांना लिही. एक नाही म्हणालं तर दुसऱ्याला लिही. फायनल इयरचा प्रोजेक्ट कॉम्प्रेसरवर करायची सक्ती नाही. खडकाच्या भेगांतल्या पाण्याच्या दाबाचं मॉडेल मेकॅनिकलच्या कोणत्याही चांगल्या सरांना चालेल.

म्हणजे ट्रान्स्फरचा अर्ज करूच नकोस का? कर. पण मर्यादा घालून. चार विभाग निवड, वर सांगितलेलं पत्र आधी पाठव, आणि आई-बाबांबरोबर बसून एक आकडा ठरव, वर्षाला इतकेच. माझ्या मते तुमच्यासारख्या घराने स्कॉलरशिप वजा जाता वर्षाला पंधरा लाखांच्या वर जाऊ नये. तेवढ्यात बसणारी ऑफर आली तर डोळे मिटून जा. नाही आली तर टीईची पुस्तकं घे. ‘थोडं वर गेलं तरी बघू’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही, बाबांनी तर नाहीच. आई बोलत नाहीत कारण त्यांनी बहुधा हा आकडा मनातल्या मनात केव्हाच मांडलाय. त्यांना विचार.

अर्ज करायचा ठरलाच तर कॉलेजच्या ऑफिसची तयारी आतापासून कर. फॉलच्या ट्रान्स्फरची मुदत बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी ते एप्रिल, १ मार्च ही नेहमीची तारीख. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठातून काढायला वेळ लागतो, आणि सेमिस्टरचा निकाल कधी लागेल हे परमेश्वरालाही माहीत नसतं. कॉमन ॲपमधून (अनेक विद्यापीठांचा मिळून एकच ऑनलाइन अर्ज) अर्ज केलास तर ‘कॉलेज रिपोर्ट’ नावाचा फॉर्म काही विद्यापीठं मागतात. तुझी वर्तणूक ठीक आहे, तू इथली नियमित विद्यार्थिनी आहेस, असं कॉलेजच्या अधिकाऱ्याने लिहायचं. तो फॉर्म आपल्याकडच्या क्लार्कने आयुष्यात पाहिलेला नसतो. भरलेला नमुना, एक पानाचं मराठी स्पष्टीकरण आणि सकाळची वेळ, या तीन गोष्टी घेऊन जा. दुपारी जेवणानंतर जाऊ नकोस.

शिफारसपत्राचं तसंच. सर म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ प्रेमाने म्हणतील, पण हो म्हणू नकोस. तिकडे पत्रं वाचणाऱ्यांना विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं पत्र दुसऱ्या ओळीत कळतं, आणि वर ते सरळसरळ फसवणुकीत मोडतं. सरांना पानभर मुद्दे लिहून दे, तू त्यांच्या विषयात नेमकं काय केलंस ते, आणि पत्र त्यांनाच लिहू दे. तेही जीमेलवरून नको, कॉलेजच्या मेलवरून पाठवायला सांग. कॉलेजचा मेल सरांनी कधी उघडलेलाच नसतो, तेव्हा पासवर्डपासून मदत करावी लागेल.

शेवटचं, आणि हे विसरू नकोस : आय-२० आणि व्हिसा दोन्ही हातात येईपर्यंत इथला प्रवेश रद्द करायचा नाही, हजेरी सोडायची नाही, सबमिशन चुकवायचं नाही. व्हिसा नाकारला गेला तर सोमवारी तुला वर्गात बसता आलं पाहिजे. जायची वेळ आलीच आणि ऑफिसने बारावीची मूळ मार्कशीट ‘सगळी फी भरा मग देतो’ म्हणून अडवली, तर मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायची नाहीत असं यूजीसीने २०१८ मध्येच कॉलेजांना बजावलं आहे. ती सूचना छापून सोबत ने, आवाज न चढवता टेबलावर ठेव.

विभागांना पत्रं याच रविवारी लिही. उत्तरं आली की मला पाठव, लाल पेन अजून माझ्याकडे आहे, आपण दोघी मिळून खुणा करू. आणि विषयांच्या यादीत ग्राफिक्सची केटी लिहायला विसरू नकोस, पहिल्या प्रयत्नाच्या मार्कांसकट.

– तुझी ताई